त्या दुपारी वारा सरळ होता

ग्लोरिया आंटी — हे नाव मी आधी लिहिते. तिनं मला मरोळच्या गावठाणात स्वतःच्या घरात खोली दिली, पोहायला शिकवलं, शिडाच्या बोटीचं सुकाणू माझ्या हातात दिलं. ‘जेवलीस का?’ असं रोज विचारणारं एक माणूस या शहरात मला मिळालं, तेही तीच. पुढचं वाचून माझ्याबद्दल काय ठरवायचं ते तुम्ही ठरवा. तिच्याबद्दल मात्र एवढं आधी माहीत असू द्या.

कारण पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही. बहिणीलाही नाही, आणि तिला तर मी सगळंच सांगते. देवापुढे हात जोडले तेव्हासुद्धा मी दुसरंच काहीतरी बोलून मोकळी झाले. चार वर्षं झाली. आणि गंमत बघा, सांगायचंच असं ठरवलं त्या दिवसापासून मला नीट भूक लागायला लागली आहे. खोटं नाही सांगत — आता हे मी म्हणायचं म्हणजे — असो.

मी पुसदकडची. आमच्याकडे पाणी म्हणजे हंड्यातलं, फार तर धरणातलं. नववीत माझी शाळा सुटली. लोकांना मी सांगते की घरची परिस्थिती नव्हती. परिस्थिती नव्हती हे खरं आहे, पण शाळा सुटली ती वेगळ्याच कारणानं. गणिताच्या बाईंनी सगळ्यांसमोर उभं केलं होतं, म्हणून भीतीनं एक आठवडा गेले नाही. मग आठवडाभर का आली नाहीस असं विचारतील, या भीतीनं दुसरा आठवडा गेले नाही. मग कधीच गेले नाही. माझं हे असं आहे, लहानपणापासून. आधी घाबरते, मग घाबरल्याचं झाकते, आणि झाकलेलं झाकायला आणखी काहीतरी करते. हे सांगते आहे ते सुटका म्हणून नाही. तुम्हाला माणूस कळावं म्हणून.

मावशीच्या ओळखीनं साकीनाक्याला एका ताडपत्रीच्या कारखान्यात शिवायला लागले. ट्रकच्या ताडपत्र्या, टेम्पोची हुडं, दुकानांपुढची छपरं. एके दिवशी दारात रिक्षा थांबली आणि आतून पांढरे केस आखूड कापलेली, झगा घातलेली एक बाई उतरली. तिच्यामागून रिक्षातून पांढरं कापड निघायला लागलं, ते निघतच राहिलं.

शेठ म्हणाले, “आंटी, लग्नाचा मांडव आणलात की काय?”

“मांडव नाय रे बाबा, शीड हाय. फाटलंय. शिवायला बसलेली ती पोरगी नीट शिवते का?”

ती पोरगी मी. मी नीट शिवलं. ती माझ्याशेजारी स्टुलावर बसून बघत होती. मग म्हणाली, “तू शिवलेलं कापड काय करतं ते कधी बघितलंस?” ट्रकवर बांधलेलं बघितलंय, मी म्हटलं. ती इतकी हसली की मला वाईटसुद्धा वाटलं नाही. त्या रविवारी ती मला मार्व्याला खाडीवर घेऊन गेली. सगळं तिथून सुरू झालं.

तिची ओळख करून देते. मरोळचं गावठाण म्हणजे तिच्या लोकांचं जुनं गाव. विमानतळ नंतर आला. घरात मराठी, रविवारी चर्च, आणि अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या. ती विमानतळाजवळच्या एका मालवाहतूक कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेली. तरुणपणी भावाबरोबर शिडाच्या बोटी चालवायची. भाऊ कॅनडाला गेला, हिचं वारं काही सुटलं नाही. मुलुंडला डॉक्टर कर्णिक म्हणून दातांचे डॉक्टर आहेत, त्यांची स्वतःची शर्यतीची बोट आहे. फार मोठी नाही. त्या बोटीवर कप्तान डॉक्टर, पण वाट ठरवायची ग्लोरिया आंटीनं. भरती कधी, वारा कुठून, कुठे वळायचं, हे सगळं तिच्याकडे. कितीतरी वर्षं. डॉक्टर इतरांना सांगायचे, “बोट माझी, डोकं ग्लोरियाचं.”

सकाळी चहाचा कप घेऊन ती गच्चीवर जायची आणि त्या दिवसाचं वारं जाहीर करायची. “आज दुपारपर्यंत झोपलेलं राहील, मग मालाडकडनं येईल.” आणि यायचं! वाळत घातलेल्या चादरी तिच्या शब्दावर हलायच्या. मला वाटायचं, एखाद्या माणसाला एवढं काहीतरी खात्रीनं माहीत असणं — काय सुख असेल.

शिवणारं माणूस बोटीवर असलेलं बरं, वाटेत शीड फाटलं तर टाके घालता येतात. म्हणून मला आधी घेतलं. मग आंटीनं सुकाणूवर बसवलं, आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की माझा हात बरा आहे. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते, हे कुणाला मला दोनदा सांगावं लागलं नाही. शाळा सोडल्यापासून ‘हिला जमतंय’ असं माझ्याबद्दल कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. ते शब्द मी किती घट्ट धरले असतील, तुम्हीच बघा.

आता थोडं समजावून सांगावं लागेल, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही.

वारा तोंडावर असला की शिडाची बोट सरळ त्याच्या तोंडात जाऊ शकत नाही. तिरकी तिरकी जाते. तशी जाताना ती एका अंगावर कलते. कलली म्हणजे काही बिघडलेलं नसतं. कलली म्हणजे चालते आहे. वाऱ्याचा झोत आला की आणखी कलते, खालच्या काठावरून पाणी धावायला लागतं. तेव्हा सुकाणूवरच्या माणसानं दात खाऊन वाट धरून ठेवायची, आणि बाकीच्यांनी वरच्या काठावर बसून तोल सांभाळायचा. पण एक दुसरा मार्ग असतो. दांडा थोडासा — अगदी थोडासा — ढकलून बोटीचं नाक वाऱ्यात घुसवायचं. शिडातली हवा निघून जाते. बोट सरळ उभी राहते. भीती जाते. आणि वेगही जातो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, चाललीय की छान. पण ती चाललेली नसते, नुसती उभी असते.

शिडावर लोकरीचे बारीक धागे चिकटवलेले असतात. ते सपाट मागे उडत असले की वाट बरोबर. फडफडून वर उठले की सुकाणूवाल्याची चूक. ते धागे मीच लावले होते.

बोट कलली की माझा जीव गोळा व्हायचा. खाडीत नाही व्हायचा, तिथं वारा बेताचा. पण उघड्या समुद्रात, खालचा काठ पाण्याखाली गेला की मला वाटायचं, आता ही उलटणार, आता आपण खाली, आणि वर फक्त पाणी. पोहता येत होतं, कमरेचा पट्टा बोटीला अडकवलेला असायचा, तरी. हे मी कुणाला सांगितलं नाही. का नाही? सांगितलं तर उतरवतील, म्हणून. आणि उतरवलं की मी परत कोण? नववी सोडलेली, ताडपत्री शिवणारी.

ती शर्यत गोव्याहून मुंबईपर्यंतची होती. खाली जाताना वारा पाठीशी असतो, वर येताना तोंडावर, म्हणून वर येणं अवघड. बोटीवर आम्ही चौघं: डॉक्टर, आंटी, मी आणि बोरिवलीचा निखिल. निखिल बँकेत आहे. त्याचं तोंड कधी बंद नसतं, पण मनानं चांगला.

यॉट म्हटलं की लोकांना पांढरी खुर्ची आणि हातात सरबत दिसतं. तसं काही नसतं हो. आत जेमतेम मोठ्या रिक्षाएवढी जागा. झोपायला दोन फळ्या, माणसं चार, म्हणून आळीपाळीनं. एक उठला की त्याच्या गरम झालेल्या, ओलसर गादीवर दुसऱ्यानं पडायचं. कपडे वाळतच नाहीत, मिठानं अंगाला चरे पडतात. गोडं पाणी प्यायला, तोंड धुवायला नाही. कुकर दोरीनं बांधून भात लावायचा, आणि शेगडी झुलते तसं आपणही झुलायचं. आंटी त्या भातात सुका जवळा आणि तिच्या घरचा बाटलीत भरलेला मसाला घालायची, आणि तेवढा वेळ सगळ्यांना माणसात आल्यासारखं वाटायचं. डॉक्टरांना बोट लागायची. त्यांची स्वतःची बोट, आणि त्यांनाच लागायची. बादली धरून बसलेले डॉक्टर आणि त्यांना आल्याचा तुकडा देणारी आंटी, हे चित्र दर शर्यतीत. आईचा फोन आला होता निघताना. “समुद्रात काय करून राह्यली वो माय तू? घरी ये ना.” मी म्हटलं, मजा येते. मजाही यायचीच. हेही खोटं नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रत्नागिरीच्या आसपास होतो. ऊन नुकतं वर आलेलं, जमिनीकडून मंद वारा येत होता. शाळेत धडा होता, खारे वारे आणि मतलई वारे. जमिनीकडून येतो तो मतलई. आंटी रात्रभर जागी होती, तिचे डोळे लाल झाले होते.

“हे मतलई आता मरेल,” ती म्हणाली. “किनाऱ्याला चिकटून राहिलो तर दुपारपर्यंत माश्या मारत बसू. त्यापेक्षा आहे त्या वाऱ्यावर बाहेर जाऊ, खोल. खारं वारं आधी बाहेर येतं. आणि येईल ते सरळ येईल. काठीसारखं.”

“आंटी, बाहेर म्हणजे किती?” निखिल म्हणाला. “माझा पासपोर्ट घरी राहिलाय.”

डॉक्टरांनी बादलीतून मान वर केली. “बाकीच्या सगळ्या बोटी किनाऱ्यानं चालल्यात, ग्लोरिया.”

“म्हणून तर.”

डॉक्टरांनी बाहीनं तोंड पुसलं. मग म्हणाले, “तू म्हणतेस तर चल.” एवढंच. तिच्या एका शब्दावर सगळी शर्यत लावली. मला किती अभिमान वाटला होता तिचा — तेव्हा.

आम्ही बाहेर गेलो. किनारा आधी रेघ झाला, मग तीही गेली. मतलई वारा मेला, थोडा वेळ सगळं तेलासारखं स्थिर झालं, आणि मग समुद्रावर लांब एक काळपट पट्टा दिसला आणि वारा आला. ती म्हणाली होती तिकडूनच. तसाच. आंटीनं बोट वळवून उत्तरेच्या वाटेला लावली आणि दांडा माझ्या हातात दिला.

“आता काय अवघड नाय. धाग्यांकडे बघ आणि नाव चालती ठेव. भीती वाटली तर हाक मार, मी घेते. लाज धरू नको गो बाय.”

आणि ती आत जाऊन झोपली. डॉक्टर दुसऱ्या फळीवर आडवे. वाऱ्याची दिशा दाखवणारं यंत्र गोव्यालाच बंद पडलेलं. बाहेर मी, आणि वरच्या काठावर पाय सोडून, माझ्याकडे पाठ करून बसलेला निखिल, तोल सांभाळायला.

आत उतरायचं दार उघडंच होतं. तिथून मला आंटीचे पाय दिसत होते, करड्या मोज्यांतले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. हाक मारली असती तर ते पाय लगेच खाली आले असते.

वारा वाढला. बोट कलली, काठ पाण्यात गेला, पाणी माझ्या खालून पांढरं होऊन धावायला लागलं. धागे सपाट होते. सगळं बरोबर चाललं होतं. आणि मी दांडा ढकलला. थोडासाच. बोट उभी राहिली, शिडाची कड थरथरली. काय बरं वाटलं म्हणून सांगू! मग बोट परत वाटेवर आणली. परत झोत आला. परत ढकलला. एकदा केलं की दुसऱ्यांदा सोपं जातं, तिसऱ्यांदा तर हात आपोआपच करतो.

निखिलनं मागे न बघता विचारलं, “सविता, काय गं? शीड का फडफडतंय?”

आणि मी म्हटलं, “वारा फिरतोय रे. तुटका आहे.”

लिहिलं एकदाचं. हेच ते वाक्य. चार वर्षं मी याच्या आजूबाजूनं चालते आहे. वारा फिरत नव्हता. वारा तुटका नव्हता. वारा आंटी म्हणाली तसा होता, सरळ, काठीसारखा. फिरत मी होते.

“अरे यार, वाट लागली मग,” निखिल म्हणाला आणि पुन्हा समुद्राकडे बघायला लागला. त्यानं का शंका घ्यावी? सुकाणूवर मी होते.

थोड्या वेळानं तो म्हणाला, “दे इकडे. तू बस जरा, हात भरून आले असतील.”

मी नको म्हटलं. तो म्हणाला, नक्की ना? मी म्हटलं, नक्की म्हटलं ना एकदा!

का नको म्हटलं? हात दुखत होते, भीती वाटत होती, कुणीतरी घ्यावं हेच तर हवं होतं. पण त्यानं दांडा धरला असता तर त्याला लगेच कळलं असतं, वारा कुठे तुटलाय? म्हणून मी सोडला नाही. ज्याला मी घाबरत होते तेच घट्ट धरून सबंध दुपार बसले, ऊन डाव्या गालावर घेत, दर झोताला बोट उभी करत, वारा वाया घालवत. आत डोकं शांतपणे झोपलं होतं, माझ्यावर भरवसा ठेवून.

सूर्य बुडताना वारा खरोखरच पडला. आता तपासायलाही काही उरलं नाही. आंटी बाहेर आली. गालावर उशीची घडी उमटलेली.

“वारं कसं होतं गो?”

निखिलला सांगितलं ते घाईत सांगितलं होतं. हे नाही. इथं मला वेळ होता. ती माझ्याकडे बघून विचारत होती, तोंडावर जराही संशय नव्हता. मी म्हटलं, “तुटकं होतं आंटी. सारखं फिरत होतं.”

“तुटकं?”

“हो.”

तिनं पाण्याची बाटली उघडली होती. न पिताच तिचं झाकण परत लावलं. मग म्हणाली, “बरं.” त्या एका ‘बरं’मध्ये काय काय मोडलं असेल, हे मला तेव्हासुद्धा कळलं होतं. कळलं नाही असं मी म्हणणार नाही.

पुढच्या सकाळी अलिबागच्या अलीकडे किनाऱ्यानं आलेल्या बोटी दिसल्या. आमच्या पुढे. चांगल्याच पुढे. निखिलनं फोनवर आमच्या वाटेची रेघ दाखवली, वाकडीतिकडी, बाहेर बाहेर गेलेली. “बघा डॉक्टर, सविता म्हणाली तस्संच. केवढा फिरत होता वारा.” माझ्या भीतीची नक्कल होती ती रेघ, आणि सगळे तिला वारा समजून बघत होते.

धक्क्यावर उतरलो तेव्हा दुसऱ्या बोटींची माणसं उभी होती. डॉक्टर काही वाईट माणूस नाहीत, दमले होते. म्हणाले, “काय ग्लोरिया, तुझं ते काठीसारखं वारं कुठे हरवलं मग?”

“आंटी, पुढच्या वेळी मस्कतला चहा पिऊनच येऊ,” निखिल म्हणाला. सगळे हसले. तीही हसली.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “वय झालं, डॉक्टर. दिसलं नाय मला.” आणि मग तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “ह्या पोरीनं मात्र एकटीनं दुपार काढली. हिला धरून ठेवा.”

मी काय केलं? दोरी गुंडाळत होते. गुंडाळत राहिले. गुंडाळून झालेली परत सोडली आणि परत गुंडाळली.

पुढच्या मोसमात डॉक्टरांनी तिला चहाला बोलावलं आणि अडखळत सांगितलं की यंदा वाट निखिल बघेल, त्याच्या फोनवर हल्ली सगळं येतं. ती म्हणाली, मीच सांगणार होते. मग शर्यतीला येईनाशी झाली. मार्व्यालाही येईनाशी झाली. पण मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. गच्चीवर चहा घेऊन ती अजून जाते. वारं जाहीर करत नाही. माझ्याकडे वळून विचारते, “तुला काय वाटतं गो, कुठनं येईल?” ती — मला! आणि मी सांगते. मालाडकडून येईल, आंटी. तिनंच शिकवलेलं तिलाच सांगते, आणि ती मान हलवते, शहाण्या माणसाचं ऐकावं तशी.

मला मात्र सुकाणू मिळालं, कायमचं. भीतीही हळूहळू गेली. गेली म्हणजे आहे, पण आता मी तिला शेजारी बसवून बोट कलू देते. आणि दर मोसमात, त्याच किनाऱ्याबाहेर, दुपारचं ते वारं येतं, सरळ, आणि धागे सपाट उडतात, आणि मला पुन्हा पुन्हा कळतं की ती किती बरोबर होती. दर वेळी वाटलं, यंदा सांगू. दर वेळी पुढचा आठवडा आला. गणिताच्या बाईंसारखंच.

मागच्या आठवड्यात बोट बाहेर काढून आम्ही तळाचे शिंपले खरवडत होतो. डॉक्टर म्हणाले, “सविता, या वर्षी वाट तू ठरवायचीस. बोट माझी, डोकं तुझं.” आणि पुढे म्हणाले, “फक्त ग्लोरियासारखी भरकटू नकोस म्हणजे झालं.”

मी हसले.

कुणी जबरदस्ती केली नव्हती. समुद्र नव्हता, बोट कलली नव्हती, जमिनीवर उभी होते, हातात खरवडणी. खोटं बोलले तेव्हा मी घाबरलेली तरी होते. हसले तेव्हा कसलीच भीती नव्हती. मग ते हसू कुठून आलं? त्याला मी काय नाव देऊ? अजून सापडलेलं नाही, आणि सौम्य नाव मी शोधतही नाही.

घरी आले तर आंटी अंगणात बोंबील साफ करत बसली होती. “काय म्हणाले डॉक्टर?” मी सांगितलं, वाट मी ठरवायची म्हणाले. ती ताडकन उठली, हाताला माशाचं पाणी, तसेच दोन्ही हात माझ्या गालांवर. “माझ्या पोरीला वाट दिली! अगं मग अशी तोंड पाडून काय उभी राहिलीस?” शेजारच्या घरात ओरडून सांगितलं तिनं. मी आत गेले, दार लावलं, आणि कॉटवर बसून ठरवलं. बस. आता झाकायचं नाही.

आणि तेव्हापासून हे असं हलकं वाटतं आहे. मला वाटलं होतं, ठरवल्यावर झोप उडेल. उलट झालं. पडल्या पडल्या झोपले. सकाळी तीन चपात्या खाल्ल्या. मशीनवर बसले तर शिवण सरळ. एवढी वर्षं मी कशाला घाबरत होते, सांगण्याला की झाकण्याला, आता मला सांगता यायचं नाही.

या रविवारी ती चर्चमधून आली की सांगणार आहे. जेवायच्या आधी. नंतर नाही, कारण तिच्या हातचं खाऊन मग सांगणं मला जमणार नाही. संध्याकाळी डॉक्टर आणि निखिलला, दोघांना एकत्र, बोटीजवळच. वारा सरळ होता, सुकाणूवर मी घाबरले, आणि खोटं बोलले — एवढी तीन वाक्यं. पाठ केलेली नाहीत, तेवढीच आहेत.

ती काय म्हणेल, मला माहीत नाही. खोली सोड म्हणाली तर सोडीन. काहीच म्हणाली नाही तर तेही ऐकून घेईन. डॉक्टरांनी सुकाणू काढून घेतलं तर द्यायचंच आहे. तुम्हीही मला बरं वाटेल असं काही बोलू नका. सांगून झालं, मला पुरे.

एक मात्र राहतं. तिनं मला जे दिलं ते मी घेतलं, आणि तिच्याजवळ जे होतं — सकाळी गच्चीवर उभं राहून खात्रीनं बोलणं — तेही घेतलं. माफी मागून ते परत जात नाही, एवढं मला कळतं. धक्क्यावर जे जे हसले होते त्यांच्यातल्या एकेकाला गाठून मी सांगेन. पण ती पुन्हा मला न विचारता सांगेल, आज वारं कुठून येणार, त्या दिवसापर्यंत माझं फिटलेलं नसेल. लवकर होईल असं नाही. पण आंटी, हे मी फेडणार आहे.